वास नाही

छबूबाईनं डेपोच्या फाटकासमोर विहिरीच्या पाण्याचा हंडा उपडा केला, कनवटीची आगपेटी काढली आणि ओल्या मातीवर पेटती काडी टाकली. माती पेटली. बुटकी, निळसर ज्योत जमिनीला चिकटून फाटकाच्या खांबापर्यंत पळत आली आणि तिथं विझली. नाल्यापलीकडच्या वाडीतल्या पंधरा-वीस बाया छबूबाईच्या मागं उभ्या होत्या. त्यांनी एकदम पदर नाकाला लावला. फाटकावरच्या वॉचमननं मागं सरत टोपी तोंडापुढं धरली. डेपोचा सुपरवायझर मोझेस ओहोळ तेवढा हात खाली सोडून उभा होता. आत लाखो लिटर तेल भरलेल्या टाक्या होत्या, भिंतीला वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या होत्या, आणि आपण धावत जाऊन त्यातली एक उचलायला हवी हे त्याला पंचवीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं होतं. पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो रुमालाचा. सगळ्यांचे हात नाकाशी गेलेत आणि आपला रुमाल अजून खिशात आहे. त्यानं घाईनं रुमाल काढला, नाकावर दाबला, कपाळाला आठी घातली. दोन श्वासांचा उशीर झाला होता. रुमालाच्या वरून त्यानं सगळ्यांचे चेहरे तपासले. बाया विझलेल्या मातीकडं बघत होत्या. एकटी, बाजूला, रिकामी कळशी कमरेवर घेतलेली एक म्हातारी त्याच्याकडं बघत होती.

वाडीची विहीर बाटली होती हे महिनाभर कानावर येत होतं, पण त्र्याहत्तरच्या त्या मार्च महिन्यात नगरमध्ये पाण्याबद्दल रोजच कुणी ना कुणी काहीतरी बोलत असे. शहराच्या नळाला तिसऱ्या दिवशी अर्धा तास पाणी येई. जिल्ह्यातल्या विहिरींना खडक लागले होते. नाल्यापलीकडच्या या एका विहिरीला तेवढं हातभर पाणी टिकून होतं, आणि त्याच पाण्यावर आता इंद्रधनुष्यासारखी साय धरत होती. कुठून आली हे मोझेसला ठाऊक होतं. तीन नंबरची टाकी जमिनीत अर्धी पुरलेली होती. रोज सकाळी तिच्यात पितळी गज सोडायचा, ओली खूण कुठवर आली ते बघायचं आणि लिहायचं, हे त्याचं काम. गेल्या दिवाळीपासून खूण रोज केसभर खाली येत होती. त्यानं मॅनेजर पंडितसाहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, उन्हानं उडत असेल, हिवाळा संपू दे. हिवाळ्यात ऊन कुठलं, असं तो म्हणाला नाही. पुढं त्यानं खूण बघायची तशी बघितली आणि लिहायची तशी लिहिली, आणि या दोन्हींत फरक पडत गेला. तेल मुरमातून, खडकाच्या भेगांतून, नाल्याच्या कोरड्या तळाखालून आपल्या चालीनं वाडीकडं जात राहिलं. दुसऱ्या कुठल्याही सुपरवायझरला टाकीच्या कडेनं फिरताना जमिनीतून येणारा वास कळला असता. मोझेसला वास येत नव्हता. सात वर्षं येत नव्हता.

सहासष्ट साली एका टाकीतला गाळ काढायला तो माणसांबरोबर आत उतरला होता. झाकण उघडून दोन दिवस थांबायचं असतं, ते एकच दिवस थांबले होते, कारण टाकी लवकर हवी होती. आत त्याला गोड गोड वाटलं, गुळाच्या गुऱ्हाळात उभं राहिल्यासारखं, मग गुडघे गेले. शुद्धीवर आला तेव्हा मिशनच्या दवाखान्यात होता आणि त्याची बायको लिडिया उशाशी बसली होती. तिनं संत्रं सोललं. तो संत्र्याची वाट बघत राहिला, म्हणजे संत्रं तोंडात गेलं तरी ते यायचंच होतं. ते आलंच नाही. महिनाभर त्यानं कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी लिडिया शाळेत शिकवून परत आली तेव्हा स्टोव्हवरचं दूध जळून पातेलं काळं पडलं होतं आणि तो शेजारी खुर्चीत पेपर वाचत बसला होता. ती दारातच थबकली आणि हसली. खूप हसली, तोंडावर पदर दाबून. मग हळूहळू हसायचं थांबली आणि पातेलं घासायला बसली. त्यानंतर तिनं केसांत गजरा माळला नाही. एकदा ईस्टरला त्यानं विचारलं, तर म्हणाली, कुणासाठी? तिनं ते साधेपणानं विचारलं होतं. त्याला मात्र वाटलं की ती या उत्तराची कितीतरी वर्षं तयारी करत होती, जरी तेव्हा दोनच वर्षं झाली होती. त्यांना मूल नव्हतं. कंपनीच्या क्वार्टरमध्ये दोन खोल्या, एक अंगण, एक लिंब. लग्नानंतर पहिली काही वर्षं ती त्याच्या कपड्यांत कापूर ठेवत असे, तेलाचा वास मारायला. आता तिनं तेही सोडून दिलं होतं, आणि तिला अजून त्याच्या अंगाचा वास येत असेल की सवयीनं येईनासा झाला असेल, हे त्याला विचारवत नव्हतं. त्याला वासांची नावं आठवत. नेवाशाला प्रवरेच्या काठी वडील मिशनशाळेत मास्तर होते. शेवाळ, ओला गाळ, आईच्या केसांतलं एरंडेल, चुलीतली करपलेली बाजरीची भाकरी. नावं म्हणायची आणि थांबायचं. नावापाठी काही यायचं नाही.

पेटत्या मातीची बातमी कलेक्टर कचेरीपर्यंत गेली आणि मुंबईहून कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण होता, उन्हानं हैराण झालेला. अर्ध्या दिवसात त्यानं सगळं बघितलं. तीन नंबर रिकामी करायला सांगितली. टाकी आणि विहीर यांच्यामध्ये पुरुषभर खोल चर मारायचा, चरात तेल साचेल ते रोज उपसायचं. विहिरीचं पाणी उपसत राहायचं, वर साय आली की पाचट टाकून ती टिपून घ्यायची. बाटलेली माती खणून माळावर पातळ पसरायची आणि शेतासारखी रोज उलथायची; अर्धं तेल वारा नेईल, उरलेलं माती खाईल. तोवर कंपनी वाडीला टँकरनं पाणी देईल. शेवटी पंडितसाहेबांनी विचारलं, साफ झालं हे कळणार कसं? इंजिनिअर म्हणाला, तसं यंत्र आपल्याकडे इथं नाही. काचेच्या बाटलीत पाणी अर्धं भरायचं, हलवायचं, बूच काढून वास घ्यायचा. माणसाचं नाक फार बारीक असतं, जुन्या डेपोवाल्याचं तर विचारूच नका. सलग सात दिवस वास नाही अशी नोंद झाली की विहीर परत द्या. मग तो मोझेसकडं वळला. "तुम्ही कराल ना हे, ओहोळ?" पंडितसाहेबांनी त्याच्या पंचवीस वर्षांचा उल्लेख केला. निवृत्तीला सहा वर्षं होती. मोझेस म्हणाला, "होय साहेब."

घरी त्यानं लिडियाला हे सांगितलं तेव्हा ती मुलांच्या वह्या तपासत होती. तिनं मान वर केली नाही. "कुणाच्या नाकानं?" एवढंच विचारलं आणि लाल शाईनं कुणाचा तरी ऱ्हस्व दीर्घ केला.

उपशाच्या कामाला बारा माणसं लावली. बहुतेक बाया, दुष्काळानं शहरात आलेल्या. त्यांत ती फाटकावरची म्हातारी होती. राहीबाई तिचं नाव. मिरजगावकडची, जिराईत चार एकरांची मालकीण, विधवा. गावातलं पाणी संपल्यावर सून आणि तान्हा नातू घेऊन नगरला आलेली. वाडीच्या कडेला पोत्यांचं पाल मारून राहिली होती. वाडीच्या टँकरच्या रांगेत तिला कुणी उभं राहू देत नसे, कारण ती वाडीची नव्हती. कामावरच्या माणसांना मात्र कंपनी मजुरीशिवाय रोज दोन हंडे गोडं पाणी देत असे, आणि तेवढ्यासाठीच ती आली होती. पहिल्या संध्याकाळी मोझेसनं तिला पत्र्याच्या शेडमध्ये बोलावलं. टेबलावर रजिस्टर होतं, बाटली होती. तो म्हणाला, कंपनीचा नियम आहे, दोघांची खात्री पटली पाहिजे. त्यानं बाटली हलवली, बूच काढलं, स्वतः हुंगली, आठी घातली आणि तिच्यापुढं धरली. तिनं नाक लांबूनच मागं घेतलं. "येतोय की," ती म्हणाली. त्यानं मान हलवली आणि लिहिलं, वास आहे.

असे चाळीस दिवस गेले. दिवसभर तो माळावर उभा असे. बाया खोऱ्यानं काळपट माती उलथत, वाफा निघाव्यात तशी तिच्यावरची हवा थरथरताना दिसे, बायांच्या डोळ्यांना पाणी येई, आणि तो कोरड्या डोळ्यांनी बघत राही. कुणाचं डोकं चढलं की ती लिंबाखाली जाऊन बसे. दोघी-तिघींना उलट्या झाल्या. तो म्हणे, तोंडाला फडकं बांधा. स्वतःही बांधी. फडक्याआड त्याला बरं वाटे. सगळ्यांची तोंडं बांधलेली, सगळे सारखेच. संध्याकाळी शेडमध्ये मात्र फडकी सुटत, आणि राहीबाईच्या सुरकुतल्या, नाकात चमकी असलेल्या चेहऱ्यावर त्याला वाट बघावी लागे. तिची नाकपुडी हले. त्याला तो चेहरा पाठ झाला होता. इतक्या जवळून, इतक्या लक्षपूर्वक त्यानं लिडियाचा चेहराही कधी बघितला नव्हता. काही दिवसांनी तो स्वतः हुंगायचं नाटक घाईनं उरकू लागला. एके दिवशी बाटली परत देताना राहीबाई म्हणाली, "सायब, माजा दादला भैरा हुता. कुनी हाक मारली की आदी दुसऱ्याच्या तोंडाकडं बगायचा, मंग वळायचा. तुमी तसं बगता." तिनं आवाजही खाली केला नव्हता. बाहेर बाया हंडे भरत होत्या. मोझेसनं रजिस्टर मिटलं. काय बोलतेस, असं तो म्हणाला. ती म्हणाली, काय न्हाई, आणि तिचे हंडे भरायला गेली. तिनं कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. तो कान देऊन असे. बाया हसल्या की तो वळून बघे. चौथ्या दिवशी त्याला कळलं की ती सांगणार नाहीये, आणि मग त्याला तिचा खरा राग येऊ लागला. तिनं सांगितलं असतं तर तो नाही म्हणाला असता, तिला हाकललं असतं, प्रकरण मिटलं असतं. ती काहीच मागत नव्हती. रोज संध्याकाळी येऊन नाक पुढं करत होती आणि म्हणत होती, येतोय.

मे महिना लागला. विहिरीवर आता साय दिसत नव्हती. चरात तेल जमेनासं झालं. पंडितसाहेब दोन दिवसांआड शेडमध्ये येऊन रजिस्टरची पानं उलटत आणि मुंबईहून काय पत्रं येतात ते सांगत. किती दिवस टँकर लावायचा, पाऊस आला तर माळावरची माती वाहून जाईल, डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. ओहोळ, अजून वास कसा? मोझेसनं मान खाली घातली. ते गेल्यावर त्यानं राहीबाईला विचारलं, आज कमी आहे? ती म्हणाली, कमी हाय, पन हाय. त्याच दुपारी चराच्या कडेला बसलेल्या दोघीजणी बोलत होत्या ते त्याच्या कानी पडलं. एक म्हणत होती, काम बंद झालं की दोन हंडं बी बंद. आणि दुसरी, जी राहीबाई होती, ती म्हणाली, "चाललंय तवर चालू दे." एवढंच. ते वाक्य त्यानं घरी नेलं. जेवताना ते त्याच्याबरोबर होतं, अंगणात हात धुताना होतं. ती खोटं बोलतेय. अर्थातच खोटं बोलतेय. दोन हंड्यांसाठी एका अडाणी बाईनं त्याला, कंपनीला, पंडितसाहेबांना चाळीस दिवस नाचवलं. हा विचार आला तेव्हा त्याला आत कुठंतरी सुटल्यासारखं झालं. तिच्यापुढं वाकून उभं राहायचं कारणच उरलं नाही. ती चोर होती. तिला त्याचं गुपित माहीत असलं तर काय, त्यालाही तिचं कळलं होतं.

त्यानं परीक्षा घ्यायची ठरवलं. दुसऱ्या दिवशी नळाचा वार होता. त्यानं घरच्या नळाचं पाणी शेडमधल्या बाटलीत भरलं, बूच लावलं आणि विहिरीच्या पाण्याच्या जागी ठेवलं. लिडियानं अंगणातून बघितलं. संध्याकाळी राहीबाई आली. त्यानं बाटली हलवली. त्यानं बूच काढून बाटली तिच्यापुढं धरली. तिनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. एकदा त्याच्याकडं बघितलं.

"येतोय," ती म्हणाली. "जरा निराळा हाय आज. पन येतोय."

तो तिला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. हे धरणं गरजेचं नव्हतं. ती म्हातारी होती, सांगितलं असतं तर आली असती. बाया हंड्यांच्या रांगेत उभ्या होत्या, टँकरचा ड्रायव्हर नळी सोडत होता. मोझेस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की या बाटलीत नळाचं पाणी आहे, त्यानं स्वतः भरलंय, आणि ही बाई म्हणते वास येतोय. चाळीस दिवस हेच चाललंय. हिच्या खोटेपणापायी वाडीची विहीर बंद आहे. आपला आवाज चढत चाललाय हे त्याला कळत होतं आणि तो थांबवावासा वाटत नव्हता. बोलता बोलता तो तिच्या तोंडाकडं बघत होता, सवयीनं. आता बोलेल, असं त्याला वाटलं. या सगळ्या माणसांत आता ती एक वाक्य बोलेल आणि सगळं संपेल. राहीबाईनं ओठ उघडले. बघणाऱ्या बायांवरून तिची नजर फिरली, टँकरवर गेली, त्याच्यावर येऊन थांबली.

"बरं," ती म्हणाली.

तिनं आपले दोन रिकामे हंडे उचलले. एरवी ते भरलेले असते, पण त्या दिवसाचं पाणी मोझेसनं तिला देऊ दिलं नाही. ती माळ ओलांडून गेली तेव्हा उलथलेल्या काळ्या मातीत तिची पावलं उमटत गेली. तिनं आपल्याला वाचवलं, हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्या कळण्याबद्दल तो तिला क्षमा करू शकत नव्हता. रात्री जेवताना त्यानं लिडियाला हकिकत सांगितली, परीक्षेची, खोटेपणाची. एवढी म्हातारी, पण काय बेरड. लिडियानं रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी मोडली आणि ऐकून घेतलं.

नंतरचे सात दिवस टेबलावर बाटली होती, राहीबाई नव्हती. रोज संध्याकाळी त्यानं पाणी आणलं, बूच काढलं, हुंगलं. कुणी बघत नसतानाही हुंगलं. आणि लिहिलं, वास नाही. पहिल्या दिवशी लिहिताना पेन अडलं. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या लक्षात आलं की हे खोटं नाही. त्याला वास येत नव्हता. सात वर्षांत हे एकच वाक्य तो मोकळेपणानं लिहू शकला असता, आणि आता ते लिहायलाच त्याला सांगितलं होतं. अक्षर सुंदर येत गेलं. वडिलांनी प्रवरेकाठच्या शाळेत गिरवून घेतलेलं वळण. सातव्या दिवशी पंडितसाहेबांनी खाली सही केली आणि खांद्यावर हात ठेवला.

विहीर परत द्यायच्या सकाळी वाडी गोळा झाली. चर बुजवलेला, काठ झाडलेला. छबूबाईनं पोहरा सोडला, ओढून घेतला, आणि पाण्यावर वाकली. मग सरळ झाली. तिनं पोहरा शेजारणीपुढं धरला, तिनं पुढं. चेहऱ्यांमागून चेहरे मोझेससमोरून सरकत होते. नाकपुड्या आकसत होत्या, एका म्हाताऱ्यानं थुंकी टाकली, कुणीतरी म्हणालं, येतोच की. त्याला वाचता येत होतं, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. पण यांना टँकर हवा आहे, असं तो स्वतःशी म्हणाला, हे तोंडं वाकडी करणारच. मग पोहरा पंडितसाहेबांजवळ आला. टँकर सुरू ठेवण्यात पंडितसाहेबांचा काडीचा फायदा नव्हता. त्यांनी पोहऱ्यावर मान झुकवली मात्र, त्यांचा हात खिशात गेला आणि रुमाल बाहेर आला. कपाळाचा घाम टिपत टिपत तो नाकापर्यंत खाली आला आणि तिथं थांबला. मोझेसनं तो रुमाल बघितला. रुमालावरचे डोळे त्याच्याकडंच बघत होते, शांतपणे. साहेब म्हणाले, "ओहोळ, तुम्हीच प्या म्हणजे लोकांची खात्री पटेल."

एवढ्या उघड्यावर, सकाळच्या कोवळ्या उन्हात, त्याला नाही म्हणता आलं असतं. त्याला ते पुढं अनेकदा आठवलं, की वेळ होता. तांब्या भरेपर्यंत वेळ होता. छबूबाई तांब्या भरत होती आणि सावकाश भरत होती. त्यानं तांब्या घेतला आणि वरून न ओतता, तोंड लावून, सगळा प्याला. पाणी गार होतं. घशात किंचित पोळलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही, आणि लोक चेहराच बघत होते. पंडितसाहेब म्हणाले, पंचवीस वर्षं तेलात काढलेल्या माणसाला वास येत नाही आणि तुम्हाला येतो? त्यांनी रजिस्टर उघडून सात ओळी दाखवल्या. वाडीतल्या एकालाही नीट वाचता येत नव्हतं, तरी सगळ्यांनी वाकून बघितलं. टँकर गेला. बाया तिथंच उभ्या राहिल्या, मग एकीनं हंडा पुढं केला. दुसरं पाणी नव्हतंच.

दोन आठवड्यांनी लिडिया शाळेतून येऊन म्हणाली की वाडीच्या पोरांच्या ओठांच्या कडा फुटल्यात, तोंडात चट्टे आलेत. लोक पाणी उकळून पितात, उकळताना बाहेर चूल मांडतात आणि लांब उभे राहतात. हे ती ताट वाढता वाढता, बाजारात भाजी महाग झाल्याचं सांगावं तसं सांगत होती. मोझेस म्हणाला, उन्हाळ्यात पोरांची तोंडं येतातच. आणि मग न राहवून म्हणाला, ती बाई नळाच्या पाण्याला वास येतो म्हणाली होती. त्याच्याजवळ तेवढी एकच गोष्ट उरली होती. झोपताना, उठताना, डेपोत जाताना तो ती मुठीत धरून होता.

तीच घेऊन तो एका रविवारी चर्चनंतर सोलापूर रस्त्यावरच्या खडी केंद्रावर गेला. दुष्काळी कामावर शेकडो माणसं ओळीनं बसून दगड फोडत होती. राहीबाई सापडायला वेळ लागला. डोक्यावर पोतं घेऊन बसली होती, शेजारी सून, सुनेच्या मांडीवर नातू. पोराच्या तोंडाभोवती पांढरं मलम फासलेलं होतं. कामावरून काढल्यापासून तीही वाडीचंच पाणी नेत होती. आता तिला रांगेत कुणी अडवत नव्हतं. तिनं हातोडी थांबवली नाही. तो इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात विचारलं, त्या दिवशी बाटलीत नळाचं पाणी होतं, तरी वास येतो असं ती का म्हणाली. त्याला फक्त एवढं ऐकायचं होतं, की हो, दोन हंड्यांसाठी म्हणाले.

राहीबाईनं आधी हातातला दगड फोडला.

"बाटलीला येत हुता, सायब," ती म्हणाली. "दीड म्हैना त्याच बाटलीत तेलाचं पानी. बुचाला येत हुता. तुमच्या हाताला येतो. तुमी इचारलं वास येतोय का, मी म्हनलं येतोय. पानी कुठलं ते तुमी कुटं इचारलं."

ऊन खडीवरून डोळ्यांत येत होतं. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का बोलली नाहीस, असं त्यानं विचारलं. विचारताना आवाज दुखावलेला होता, जणू तिनंच त्याच्याशी काही केलं होतं.

"बोलले असते तर तुमची नोकरी गेली असती. दुसरा कुनी आला असता, त्याला वास आला असता, आनि त्यानं बी तेच लिवलं असतं." तिनं नवा दगड पुढ्यात ओढला. "तुमी सरका. मुकादम बगतोय, माजं माप कमी भरंल."

तो उठला. वाटेत त्यानं दोनदा हात नाकाशी नेले. पंडितसाहेबांकडं जावं, सगळं सांगावं, असा विचार डेपोच्या वळणापर्यंत त्याच्याबरोबर चालत आला. वळणावर तो थांबला. साहेबांना काय सांगायचं होतं? रुमाल साहेबांनीच काढला होता. सांगायला नवीन असं एवढंच होतं की आपल्याला नाक नाही, आणि ते सांगितल्यानं विहिरीतलं थेंबभर तेल कमी होणार नव्हतं, क्वार्टर मात्र जाणार होती. हा विचार त्याचा होता की राहीबाईचा, हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तो घरी आला.

लिडिया ओट्याजवळ उभी होती. चर्चची साडी बदलून तिनं घरातलं लुगडं नेसलं होतं, पावलं धुळीनं भरलेली होती, केस कानांवर चिकटले होते. ओट्यावर पितळी कळशी होती, काठोकाठ. नळाचा वार परवा होता. कुठून आणलं, असं त्यानं विचारलं. वाडीतून, ती म्हणाली, आता रोज तिथूनच आणणार आहे, माझी वीस पोरं तेच पितात. ती उकळणार नव्हती, गाळणार नव्हती. तिनं पेला बुडवला आणि उभ्यानंच, त्याच्याकडं तोंड करून, घोटाघोटानं प्याली. मोझेस तिच्या तोंडाकडं बघत होता. चाळीस दिवस एका म्हातारीचं तोंड वाचून तो तरबेज झाला होता. नाकपुडी, ओठाची कड, भुवईच्या मधली जागा. लिडियाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते नसणं तिनं कधी शिकून घेतलं, किती वर्षं त्याचा सराव केला, हे त्याला माहीत नव्हतं.

"लिडिया," तो म्हणाला, "वास येतो का?"

तिनं पेला खाली ठेवला. "तुम्ही लिहिलंय ना, येत नाही म्हणून."

"मी तुला विचारतोय."

तिनं पदरानं ओठ टिपले. मग पेला पुन्हा बुडवून भरला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो धरला. ती समोरून हलली नाही. बाहेर लिंबावर कावळा ओरडत होता, लांब कुठंतरी मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते. तो प्याला. गार होतं, घशात किंचित पोळलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघत असलेली त्याची बायको शांतपणे म्हणाली,

"अजून देऊ?"